गुलाबी टोकांचा दोर

वहिनींना रागवायला कारण लागत नाही, असं लोक म्हणायचे. साफ खोटं. कारण नेहमी असायचं, फक्त ते दुसऱ्या कोणाला पुरेसं वाटायचं नाही. कोणी ओलं वल्हं पातं खाली करून भिंतीला टेकवून ठेवलं, सगळं पाणी पात्याच्या कडेत मुरतंय, लाकूड फुगतंय, आणि तो मनुष्य बाजूला उभा राहून चहा पितोय, हे कारण नाही? सांगा बरं, अशा माणसाला काय म्हणायचं? वहिनी जे म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तशा त्या एकाच बाईच्या वहिनी. पण होडीच्या क्लबात त्यांना आणलं ते त्यांच्या नणंदेने, ती हाक मारायची 'वहिनी', मग बाकीच्यांनीही तेच नाव उचललं. वहिनींपेक्षा मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. क्लबातला टपालवाला तर साठीचा, तोही 'अहो वहिनी'.

वहिनींचा धंदा कवळ्या बनवण्याचा. औषधाच्या दुकानामागे एक लांबट खोली, तिच्यात एक टेबल, पॉलिशचं चाक, मेण वितळवायची शेगडी, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, वहिनी त्यावरून कवळी घडवतात. तीस वर्षं हेच. आणि तीस वर्षं एकच दुखणं: माप डॉक्टर घेणार, घाईघाईत घेणार, त्यात बुडबुडा राहू देणार, आणि कवळी तोंडात बसली नाही की खापर वहिनींच्या डोक्यावर. "बाई, तुमचं काम चुकलं." फोन ठेवला की वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जबड्यांच्या फळीकडे बघून त्या एकट्याच तोंडाचा पट्टा सोडायच्या. जबडे बिचारे ऐकून घ्यायचे.

पन्नाशीला आल्या तेव्हा नणंदेने एका रविवारी त्यांना जवळजवळ ओढतच खाडीवर नेलं. नणंद हॉस्पिटलात नर्स, आठवडाभर लोकांची दुखणी उपसायची आणि रविवारी वल्हं मारायची. "वहिनी, एकदा बस होडीत. नाही आवडलं तर मला चार शिव्या दे." वहिनी म्हणाल्या, त्या तर मी आत्ताच देते.

होडी सहा जणांची. एकामागे एक सहा बैठका, रुंदी जेमतेम माणसाच्या कंबरेएवढी. एकटी पाण्यात सोडली तर कोणी शिंकलं तरी कलंडेल. म्हणून तिच्या डाव्या अंगाला, दोन हातांवर, एक लांबट निमुळता तरंगता ओंडका असतो, उलांडी म्हणतात त्याला. होडी आणि उलांडी यांना जोडणारे दोन वाकवलेले दांडे, एक पुढे, एक मागे. एवढ्यावर सगळा खेळ. उलांडी आहे तोवर होडी सरळ, उलांडी गेली की सहाही जण पाण्यात.

त्या पहिल्या रविवारी वहिनी तीन नंबरला बसल्या. वल्हं कसं धरायचं हेही माहीत नाही. पहिला अर्धा तास त्यांनी पुढच्याच्या पाठीवर पाणी उडवलं आणि मागच्याच्या शिव्या खाल्ल्या. मग कधीतरी, कसं कोण जाणे, सहा पाती एकदम पाण्यात गेली. एकच आवाज. होडीने पोटातून उचल घेतली आणि ती सुसाट निघाली, कोणी मागून ढकलल्यासारखी. चौदा वेळा वल्हं डावीकडे, मग बाजू बदलायचा हुकूम, मग चौदा वेळा उजवीकडे. वहिनींच्या लक्षात आलं की गेल्या दहा मिनिटांत त्यांना एकाही डॉक्टरचा राग आलेला नाही. असं यापूर्वी झोपेतसुद्धा झालं नव्हतं. किनाऱ्याला लागल्यावर त्या नणंदेला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

मग वेड लागलं म्हणतात ते लागलं. घरात जिकडे तिकडे वल्ही. कपाटावर दोन, पलंगाखाली तीन, न्हाणीघरात वाळत घातलेली लाइफ-जाकिटं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, पाण्याला भिणारा, शांत गृहस्थ. अंघोळीला जाताना तो जाकिटं बाजूला सारून म्हणायचा, "माफ करा हं, जरा वाट द्या." वहिनींनी आपलं वल्हं स्वतः घासलं. दांडा हलक्या लाकडाचा, पातं दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवून केलेलं, मानेशी किंचित वाकलेलं. कवळ्यांना चकाकी आणतात त्या भुकटीने त्यांनी ते पातं असं गुळगुळीत केलं की पाण्यातून काढलं की थेंब टिकायचा नाही. पाणी उपसायची भांडी डबे कापून केली, कडा घासून बोथट केल्या, कोणाचा हात कापायला नको. होडीचे दोर स्वतः कापायच्या आणि टोकं उसवू नयेत म्हणून कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्या गुलाबी मसाल्यात बुडवायच्या. दोराच्या टोकाला लहानशी हिरडी. बघणारा हसायचा. हसला तर वहिनी डोळे वटारायच्या.

वर्षभरात त्या सुकाणूवर गेल्या. सुकाणू म्हणजे सहावी बैठक, सगळ्यात मागची. होडी कुठे जाणार, कधी बाजू बदलायची, लाट कशी घ्यायची, हे सगळं सहा नंबरच्या हातात. त्या जागेसाठी हिंमत लागते आणि आवाज लागतो. वहिनींकडे दोन्ही होतं. आवाज जरा जास्तच. सात वर्षं त्या तिथून हलल्या नाहीत.

आता बांधणीचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. ते दोन दांडे होडीला खिळ्यांनी ठोकत नाहीत. दोराने बांधतात. लाट आली की बांधलेलं थोडं देतं, ठोकलेलं तडकतं. प्रत्येक दांडा होडीच्या दोन्ही कडांना बांधायचा. दोराचे आठ वेढे दांड्यावरून घ्यायचे आणि मग, हे महत्त्वाचं, त्या वेढ्यांच्या मधोमध आडवे तीन वेढे घेऊन सगळं आवळायचं. याला क्लबात 'कंबर' म्हणत. कंबर आवळली की वेढे असे घट्ट होतात की नंतर चाकूनेच कापावे लागतात. कंबर नाही घेतली तरी बांधणी दिसायला ठीकच दिसते. किनाऱ्यावर धरतेही. पाण्यात तासाभराने ढिली पडते.

आणि वहिनींनी दोन नियम केले होते. केले म्हणजे, क्लबाच्या शेडच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने स्वतःच्या हाताने लिहिले होते, एवढाली अक्षरं. पहिला: बांधणारा वेगळा, तपासणारा वेगळा. दुसरा: ज्याची बांधणी पाण्यात सुटेल, त्याने तो मोसम होडीला हात लावायचा नाही. लिहून झाल्यावर त्यांनी सगळ्यांकडे बघितलं होतं. कोणी चकार शब्द काढला नव्हता.

त्या वर्षी पाच आठवड्यांवर बेटाची फेरी आली होती. खाडीच्या तोंडाशी एक बेट, त्याला वळसा घालून परत, सहा क्लबांच्या होड्या. वहिनी अठ्ठावन्नच्या, गुडघे कुरकुरत होते. पुढच्या वर्षी होडीत बसता येईल का, असं विचारल्यावर हाडांच्या डॉक्टरने नुसते खांदे उडवले होते. म्हणजे ही फेरी. हीच. वहिनींना दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी होडी बांधायला घेतली. पुढचा दांडा लिफ्टवाल्याने बांधला. हा चार नंबरचा, पस्तिशीचा, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, कमी बोलणारा. कंपनीच्या कामात दिवसभर दोरखंडांशीच गाठ, त्यामुळे हात सफाईदार. पण त्याने काय केलं, कामावरून येताना कुठूनशी पट्ट्यांची जोडी आणली. खटक्याने आवळायच्या पट्ट्या, ट्रकवर सामान बांधतात तसल्या. 'वहिनींना दाखवू' म्हणत पिशवी घेऊन तो चहाला गेला.

हे वहिनींच्या कानावर पडलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पट्ट्या! होडीला! सगळे चहाला गेलेले बघून त्या पुढच्या दांड्याशी गेल्या. बांधणीत दोष नव्हता. पण राग आला की वहिनींना दोष दिसायचा. डाव्या कडेची, उलांडीच्या बाजूची बांधणी त्यांनी कापून टाकली, आपला नवाकोरा गुलाबी टोकांचा दोर घेतला आणि पुन्हा बांधायला बसल्या. आठवा वेढा ओढत होत्या तेवढ्यात लिफ्टवाला परत आला. "वहिनी, हे बघा, अर्ध्या मिनिटात होतं," म्हणाला आणि खटका वाजवून दाखवला.

झालं! वहिनी उभ्या राहिल्या, कंबरेवर हात ठेवले, आणि अर्धा तास बोलल्या. खटका गंजतो. खटका वाळूने अडकतो. खटका पाण्यात सोडवता येतो का? ज्याला दोर नको त्याने होडीत कशाला यावं, लिफ्टमध्ये बसावं, वर जावं, खाली यावं! लिफ्टवाल्याने पट्ट्या पिशवीत घातल्या आणि काढता पाय घेतला. वहिनींनी धुसफुसत दोराचं टोक खोचलं आणि घरी गेल्या.

रविवारी सकाळी होडी पाण्यात लोटायच्या आधी लिफ्टवाला दबकत म्हणाला, "वहिनी, डावीकडचं एकदा बघून घेऊ का?"

"माझी बांधणी? तू बघणार?"

तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

तासाभराने, खाडीच्या मधोमध, उजवीकडून वारा सुटला होता. दोन लाटा चांगल्या गेल्या. तिसरीला पुढच्या दांड्याने उचल खाल्ली, कडाड् असा आवाज आला, उलांडी मागच्या दांड्यावर लोंबकळली आणि होडी पालथी झाली. सहाही जण पाण्यात. जाकिटं होती म्हणून निभावलं. पण नणंद दोन नंबरला, दांड्याच्या अगदी मागे. दांडा फिरला तो तिच्या खांद्यावर आला, खांदा निखळला. पाण्यात ती एकदाच ओरडली. नंतर मदतीची लाँच येईपर्यंत दात आवळून होडीला धरून राहिली, तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

किनाऱ्यावर तिला गाडीत घालून पाठवलं आणि वहिनी वळल्या. नखशिखांत भिजलेल्या. होडीच्या उजव्या कडेला तुटलेला दोर लोंबत होता. मधोमध तुटलेला, धागे पिंजारलेले. लिफ्टवाल्याचा दोर. वहिनींनी तो उचलून सगळ्यांसमोर नाचवला.

"हा बघा! हा बघा याचा दोर! मन पट्ट्यांत, मग दोर कसा धरेल? माझ्या नणंदेचा हात जायची वेळ आली होती! भिंतीवर काय लिहिलंय ते वाच. वाचता येतं ना? मोसमभर इकडे फिरकायचं नाही!"

 लिफ्टवाल्याने पाण्यात तरंगणारं सामान गोळा केलं, दोर गुंडाळून पोत्यात भरले, पोतं शेडच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि सायकल काढून निघून गेला. बाकीचे मूग गिळून उभे होते. वहिनींना वाटलं, सगळ्यांना पटलंय.

अडीच आठवडे गेले. होडी दुरुस्त झाली, टपालवाल्याने दोन नवे गडी शोधले, बेटाची फेरी जवळ आली. एका बुधवारी वहिनी दुपारीच काम आटपून नवे दोर कापायला शेडमध्ये गेल्या. मापाला जुना दोर हवा म्हणून पोतं उघडलं. दोर नीट गुंडाळून ठेवलेले. मनात म्हणाल्या, एवढं तरी धड करतो. आणि हातात आला तो गुलाबी टोकांचा दोर.

अख्खा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुळगुळीत, जसा कापला तसा.

वहिनींनी तो दोनदा हातातून सरकवला. आवळलेला दोर असा नसतो. कंबर घेतलेल्या दोरावर चावल्यासारखे खड्डे पडतात, आणि तो आपोआप सुटत नाही, तुटतो नाहीतर कापावा लागतो. लिफ्टवाल्याचा दोर तुटला होता, कारण तो शेवटपर्यंत धरून होता. एकटाच. हा सुटला होता. आठ वेढे, मग खटक्याचा आवाज, मग आपण उभ्या राहिलो, कंबरेवर हात ठेवून. आडवे तीन वेढे घेतलेच नाहीत.

पहिलं काय वाटलं असेल? राग आला. लिफ्टवाल्याचा! नेमका तेव्हा कशाला तडमडला? मग पट्ट्या बनवणाऱ्याचा, मग वाऱ्याचा. शेवटी जिचा यायला हवा होता तिची पाळी आली, तेव्हा वहिनी जमिनीवर बसल्या. समोर भिंतीवर निळी अक्षरं होती. ती खोडायचा विचारही एकदा मनात येऊन गेला, खोटं कशाला बोला.

त्यांनी दोर पर्समध्ये कोंबला आणि घरी आल्या. कोणाला काय कळणार होतं? फेरीला पंधरा दिवस. फेरी झाली की सांगू. सांगायचं तर आहेच, पळून कुठे जातेय? नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?" तर त्याच्यावर खेकसल्या की मला काय धाड भरलीये.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. एक डॉक्टर. "बाई, कालची कवळी बसत नाही. तुमचं काम चुकलं." वहिनींनी फळीवरचं त्या पेशंटचं माप उतरवलं, उलटं केलं, आणि टाळूच्या जागी हा एवढा बुडबुडा. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"माझं काम? माप तुमचं चुकलंय! घाईत घ्यायचं, बघायचं नाही, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं! लाज कशी..."

आणि त्या थांबल्या. फोनमध्ये डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत राहिला. तीस वर्षं ज्या गोष्टीने त्यांचं रक्त उकळत होतं, तीच गोष्ट त्यांनी एका भल्या माणसाच्या बाबतीत चार लोकांसमोर केली होती. वरून वाचता येतं का विचारलं होतं. वहिनींनी फोन ठेवला, दुकानाला कुलूप घातलं.

लिफ्टवाला कुठे काम करतोय ते टपालवाल्याला विचारलं. सहा मजली इमारत, लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' ची पाटी, आणि तो वरच्या यंत्राच्या खोलीत. वहिनी सहा मजले गुडघे धरून चढल्या. प्रत्येक मजल्यावर स्वतःलाच एक शिवी. खोलीत ग्रीसचा वास, तो हातात कापसाचा बोळा घेऊन चाक पुसत होता. वहिनींनी दोर काढून त्याच्यापुढे धरला.

"माझा सुटला. तुझा नव्हे."

त्याने दोराकडे बघितलंसुद्धा नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"मीच नाही का गुंडाळला? त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस?" वहिनींचा आवाज पुन्हा चढला. "गप्प राहून मोठा साधू झालास? मी सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले, तू तिथल्या तिथे माझ्या तोंडावर मारायचा होतास हा दोर!"

लिफ्टवाल्याने बोळा खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याचाही आवाज कडक झाला. "साधू-बिधू काही नाही. मलाही राग आला होता, अजून आहे. पण तुम्हाला सांगायचं म्हणजे आधी अर्धा तास ऐकून घ्यायचं. सकाळी विचारलं होतं ना, बघून घेऊ का? आणि गप्प बसणारा मी एकटाच आहे होय? ताईंना विचारा."

ताई म्हणजे नणंद. वहिनी तशाच तिच्या घरी गेल्या. ती खिडकीशी बसून एका हाताने कपड्यांच्या घड्या घालायचा खटाटोप करत होती, दुसरा हात झोळीत. वहिनींनी घड्या ओढून घेतल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. नणंद ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला दिसलं होतं, वहिनी."

"काय दिसलं होतं?"

"दोर ढिला पडलेला. होडी उलटायच्या आधी वीस मिनिटं. दांडा माझ्या समोरच ना? प्रत्येक लाटेला उचलत होता. वेढ्याखाली माझं बोट जाईल एवढी फट."

वहिनींच्या हातातली घडी विस्कटली. "वीस मिनिटं? आणि तू गप्प बसलीस? अगं, तू नर्स आहेस! ओरडायचं नाहीस?"

"त्याच्या आधीच्या रविवारी ओरडले होते. समोर बोया तरंगतोय, जरा डावीकडे घे, म्हटलं होतं. तू काय म्हणालीस आठवतंय? म्हणालीस, दोन नंबरने वल्हं मारावं, डोकं चालवू नये. सगळे हसले." नणंदेने झोळी सारखी केली. "वाटलं, किनाऱ्याला लागल्यावर सांगू. पाण्यात तुझ्याशी कोण बोलणार, वहिनी? पाण्याला भीत नाही मी. तुला भिते."

  वहिनींना तिच्या निखळलेल्या खांद्याकडे बघवेना. 'तुला भिते'. आठ वर्षं मागेपुढे बसून वल्हं मारलेली, स्वतःच्या नवऱ्याची बहीण. राहिलेल्या घड्या त्यांनी घातल्या, सगळ्या वाकड्या, आणि निघाल्या.

रविवारी शेडमध्ये सगळे जमले. वहिनींनी लिफ्टवाल्याला निरोप पाठवून बोलावलं होतं, नणंदही झोळीसकट आली होती. वहिनींनी दोर मधे फेकला.

"डावी बांधणी मी केली होती. कंबर घ्यायची राहिली. तपासू दिली नाही. होडी माझ्यामुळे उलटली आणि बोल याला लावला. नियम माझाच आहे. मोसमभर होडीला हात लावणार नाही. सुकाणूवर हा बसेल, फेरीलाही हाच." मग लिफ्टवाल्याकडे बघून, कोणी उपटून काढल्यासारखं, "चुकले मी. माफ कर."

 टपालवाला छताकडे बघत होता. नवे दोघं दाराकडे. वहिनींचा चेहरा लाल होत गेला.

"आता तरी बोला ना! पुतळे आहात का? आणखी कोणाला काय दिसलं होतं? आणखी काय काय पोटात ठेवलंय?"

टपालवाल्याने घसा खाकरला. "सांगू का?"

"सांगा!"

"तुम्ही बाजू बदलायचा हुकूम उशिरा देता. गेली दोन वर्षं. वाऱ्यात ऐकू येत नाही, मग आम्ही मनानेच मोजतो. म्हणून पाती मागेपुढे पडतात, आणि ओरडा आम्हीच खातो."

 पाच नंबरला बसणारी म्हणाली की वळणाला तुम्ही बेटाच्या फार जवळून घेता, मला दर वर्षी खडक दिसतो. लिफ्टवाला म्हणाला की आणीबाणीला म्हणून तरी पट्ट्यांची एक जोडी होडीत असावी, त्या दिवशी असती तर दांडा तिथल्या तिथे आवळता आला असता. नणंद म्हणाली की चुकलेल्या माणसाचं नाव घेऊन ओरडू नकोस, तो पुढची दहा वल्ही आणखी चुकतो. एकदा सुरू झालं तसं थांबेना. सात वर्षांचं साचलेलं, एकेक करून बाहेर. वहिनी उभ्या होत्या, कानशिलं तापलेली, मुठी आवळलेल्या. प्रत्येकाचा राग येत होता. टपालवाल्याचा तर असा, की वल्हं उचलून घालावं पाठीत. आणि यातलं एकही खोटं नव्हतं, याचा सगळ्यात जास्त.

बोलणारे जरा थांबले.

"झालं?" वहिनींनी दात-ओठ खात विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. टपालवाला हळूच म्हणाला, "नाही अजून."

वहिनींनी कोपऱ्यातली बादली ओढली, उलटी घातली, आणि दुखणारे गुडघे सांभाळत तिच्यावर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.